बुचाचा कोपरा

अच्युतराव केळुसकरांनी आजवर एकाच पत्राला उत्तर दिलेलं नाही. एरवी पत्रांच्या बाबतीत माणूस फार काटेकोर. विमा एजंटाच्या छापील शुभेच्छांनासुद्धा ते दोन ओळी लिहून आभार मानतात आणि पाकिटाला तिकीट लावण्याआधी त्या दोन ओळी चारदा वाचून बघतात, काही कमीजास्त तर लिहिलं गेलं नाही ना म्हणून. पण एकोणीसशे एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात आलेलं एक निळं अंतर्देशीय पत्र मात्र तसंच राहिलं. तेहतीस वर्षं झाली. ते अजून टेबलाच्या खणात आहे, आणि खण उघडताना अच्युतरावांचा हात त्या कोपऱ्याला वळसा घालून जातो.

पेन्सिलीनं रेघा आखून, त्या रेघांवर वळणदार अक्षरात लिहिलेलं ते पत्र त्यांना पाठ आहे.

"मा. साहेबांस धानय्या हिरेमठ याचा नमस्कार. पत्र माझी मुलगी शिवलीला लिहीत आहे, इयत्ता सातवी. पेटी उलटी भरली म्हणून मला गोदामावर घातलं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण सारखं मनात येतं की खरंच उलटी भरली का. सुरुवातीच्या कोपऱ्याला मी बूच ठोकतो हे आपणास माहीत आहे. आपण वहीत प्रत्येक पेटीचं चित्र काढता. तीन नंबरच्या पेटीला बूच कुठल्या कोपऱ्यात आहे एवढं बघून कळवावं. म्हणजे मन शांत होईल."

अच्युतराव सरकारी भूवैज्ञानिक होते. जिथे धरण बांधायचं तिथल्या जमिनीत मशीननं खोल भोक पाडायचं, आतून दगडाची मनगटाएवढी नळकांडी काढायची, ती लांबट लाकडी पेटीत ओळीनं मांडायची, आणि मग भूवैज्ञानिकानं पेटीपुढे बसून कुठल्या खोलीवर काय आहे ते वहीत लिहायचं, असं ते काम. पेटी पुस्तकासारखी भरतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवात, मग डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक ओळी. मशीनवरचे मदतनीस म्हणजे खात्याच्या भाषेत खलाशी; त्यांतला धानय्या पेट्या भरायचा, आणि त्याच्यासारखी पेटी जिल्ह्यात कोणी भरत नसे. सुरुवातीचा कोपरा चुकू नये म्हणून तो तिथे सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच खिळ्यानं ठोकून ठेवायचा. ही त्याची स्वतःची रीत. सरकारी नियमात ती कुठेच नव्हती.

पिंपळखोरीच्या धरणावर तीन नंबरच्या पेटीत तांबड्या मातीचा थर होता. कच्चा थर, धरणाच्या पायाखाली राहता कामा नये असा. तो तेरा मीटरवर आहे असं अच्युतरावांनी लिहिलं. खणत गेल्यावर तिथे सापडला नाही, सापडला तो सतराव्या मीटरवर. एक अख्खा हंगाम फुकट गेला. पेटीतला क्रम उलटा झाला होता हे उघड होतं. नेमक्या त्या आठवड्यात खोलीचे आकडे लिहायच्या लाकडी चकत्या संपल्या होत्या, त्यामुळे ताळा घ्यायलाही काही नव्हतं. चौकशी झाली, खलाशानं पेटी उलटी भरली असा निष्कर्ष निघाला, आणि धानय्याचा हात पेट्यांवरून निघाला तो कायमचा. निवृत्त होईपर्यंत तो गोदामाच्या दारात बसून होता.

अच्युतरावांना फक्त वही उघडायची होती. येत्या रविवारी बघू, असं त्यांनी म्हटलं. मग पुढच्या रविवारी. बूच भलत्याच कोपऱ्यात निघालं तर? चित्रात बूच काढायलाच आपण विसरलो असलो तर? काढलं असलं तरी ते बरोबर काढलं असेल कशावरून? स्वतःवर एवढा अविश्वास असलेल्या माणसाला वही उघडणं म्हणजे डोंगर उचलण्यासारखं. वही माळ्यावर राहिली, पत्र खणात राहिलं, आणि गेल्या पौषात धानय्या वारला. जुना जीपड्रायव्हर मकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, आपला बूचवाला गेला."

आता चैत्र आहे. जेवणं झाली आहेत. खिडकीचा पडदा ओढून अच्युतराव कॉटवर आडवे झाले आहेत, नद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक छातीवर पालथं पडलं आहे. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी कुमुदताई शेंगदाण्याचा कूट करताहेत. मिक्सर घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. पंख्याचा वारा पडद्याला लागतो, उजेडाची एक पट्टी भिंतीवरून सरकते आणि परत येते.

घरघर आता थांबत नाही. ती जाड होते, खाली खाली जाते. अच्युतरावांना वाटतं, कुमुदला एवढा कूट कशाला लागतोय?

"पाणी सोडा रे!" कोणीतरी ओरडतं.

ते उठून बघायला जातात. स्वयंपाकघराच्या दारात धानय्या उकिडवा बसला आहे. खाकी अर्धी चड्डी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कानावर निळा खडू. लोट्यानं तो फरशीवर पाणी ओततो आहे.

"धानय्या, अहो, फरशी ओली होतेय."

खात्यात खलाशांना अहोजाहो करणारे अच्युतराव एकटेच. त्यावरून त्यांची मागे चेष्टाही चालायची.

"वल्ली केल्याबिगर रंग कसा कळंल, साहेब? तुमीच शिकवलाव की."

खरंच आहे. पाणी पडतं तिथे फरशीचा रंग उघडत जातो. इथे काळा, तिथे हिरवट, मोरीपाशी विटकरी. एवढी वर्षं याच घरात राहून आपल्याला हे दिसलं कसं नाही, म्हणून अच्युतराव ओशाळतात. मग त्यांच्या मनात येतं, हा तर गेला ना? पौषात? मकानदारनं सांगितलं होतं. की ते दुसऱ्या कोणाचं होतं? समोर बसलेल्या माणसाला तुम्ही वारलात का असं विचारायचं तरी कसं? ते घसा साफ करतात.

"तुम्ही... बरे आहात ना?"

"झकास हाय की. गुडघं दुखायचं थांबलंय बगा." धानय्या हसतो. "तुमी वाळलाव लई. बाई जेवायला घालत न्हाईत व्हय?"

"घालते की. मलाच जात नाही."

"बसा मग. वाचायला घ्या."

बसायचं कुठे? स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटांच्या जागी दगडाची नळकांडी ओळीनं लावली आहेत. कुमुदताई त्यांतलं एक काढून पदरानं पुसतात आणि परत ठेवतात. ओट्यापाशी टेबल आहे, टेबलामागे तीन साहेब बसलेत. चौकशी झाली त्या बंगल्याच्या व्हरांड्यातलं हे टेबल, हिरव्या कापडाचं. मधल्या साहेबांपुढे कुटाचा डबा आहे आणि ते त्यात टाकाच्या टोकानं काहीतरी शोधताहेत.

"केळुसकर, पेटी कोणी भरली?"

चौकशीत एवढा एकच प्रश्न आला होता. अच्युतरावांना उत्तर माहीत आहे, तेव्हाही होतं. उत्तर खरं आहे, त्यात काडीचंही खोटं नाही.

"धानय्यानं."

"बस्स. जा तुम्ही."

पण ते जात नाहीत. उभेच राहतात. पुढचा प्रश्न आता येईल, आत्ता येईल, असं वाटत राहतं. पेटी वाचली कोणी, हा प्रश्न. तो प्रश्न येत नाही. साहेब डब्याचं झाकण लावतात. कुमुदताई म्हणतात, "तुमचं झालं असेल तर ओटा पुसते."

अच्युतराव वळतात, तर दार नाही. पांढरी वाळू आहे, वाळूत पाय रुततात. पिंपळखोरीची नदी. मशीन पलीकडे बंद पडून आहे. ऊन तिरपं, डोळ्यांत घुसणारं. धानय्या पेटीशेजारी बसला आहे आणि त्याच्या हातात अच्युतरावांच्या टेबलावरचा पेपरवेट आहे. मूठभर लांबीचं दगडाचं नळकांडं, एक अर्ध काळं, एक अर्ध तांबडं. घरात सगळे त्याला लाल टोपीवाला म्हणतात. तीन नंबरच्या पेटीतला तो तुकडा. अच्युतरावांनी का उचलून आणला, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही.

"ह्याला असा कशापायी हुबा केलाव?"

"असाच ठेवतो मी. तांबडं वर. छान दिसतं."

"डोस्क्यावर हाय की ओ त्यो." धानय्या तुकड्यावर पाणी ओततो. काळ्या भागात पांढऱ्या नळ्या उमटतात, मेणबत्त्या शेजारी शेजारी लावल्यासारख्या. "हे बुडबुडं बगा. लांबडं हायत का गोल?"

"लांबट."

"मग?"

एवढा माणूस, पण परीक्षेला बसलेल्या मुलासारखा अच्युतरावांना घाम फुटतो. त्यांनी स्वतः किती जणांना हे शिकवलं आहे. वितळलेल्या दगडाचा तापलेला रस पसरतो, त्याच्या तळातून वाफ वर निघते, आणि तिच्या नळ्या तळाशीच थिजतात. वरच्या अंगाला असतात ते गोल बुडबुडे. लांबट नळ्या दिसल्या की हा थराचा तळ. काळ्या दगडाचा तळ तांबड्याला टेकला आहे, म्हणजे काळं वर आणि तांबडं खाली. तेहतीस वर्षं तो दगड त्यांच्या टेबलावर उलटा उभा आहे, आणि रोज सकाळी ते त्याच्यावरची धूळ पुसतात.

"क्रम उलटा लागलाय हे तर तेव्हाही कळलं होतं हो," ते म्हणतात. आवाज उगाच चढतो. "प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता की उलटा लावला कोणी, तुम्ही भरताना की मी..."

"की तुमी?"

तोंडात वाळू आल्यासारखं होतं.

धानय्या रागावलेला नाही. हेच अवघड आहे. तो कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडे बघतो. "किती वाजलं?"

"साडेचार."

"ऊन तुमाला सोसत न्हवतं कधी. डोळ्यांतनं पाणी यायचं. म्हणून मी जाजम पलीकडं टाकलो. मशीनची सावली पडली हुती तिकडं. साहेब, हिकडं बसा म्हटलो."

"तुम्ही म्हणालात?"

"मग कोण म्हणंल? मकानदार तर जीपमदी घोरालता."

अच्युतराव बघतात. जाजम खरंच पेटीच्या पलीकडे आहे. ते त्याच्यावर बसलेलेही आहेत, अंगात चव्वेचाळिसाव्या वर्षाचा सदरा, मांडीवर वही. सावली गार आहे. एवढी गार की डोळे मिटावेत. ते बसून बघतात आणि उभे राहूनही बघतात, आणि यातला कोण आपण ते त्यांना ठरवता येत नाही.

"मग मी चुकीच्या बाजूनं वाचतोय हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"मी कुठं हुतो तितं? पाणी आणाय खाली डोहाला गेलतो. वल्ली करायला पाणी नको व्हय?"

"हे खरंच असं झालं, धानय्या? की मी आत्ता रचतोय?"

"आता ते मला कसं कळंल?" धानय्या खळखळून हसतो. "सपान तुमचं. मी वहीत बगा म्हटलो हुतो. आमच्या पोरीनं चांगल्या अक्षरात लिवलं हुतं."

"वाचलं मी पत्र."

"ते झालं. वही?"

अच्युतराव मान खाली घालतात. धानय्या त्यांचा उजवा हात उघडतो, तळव्यावर काहीतरी ठेवतो आणि बोटं मिटवतो. पत्र्याचं बूच. काठाचे दाते टोचतात.

"धरा घट्ट. सुरुवातीचा कोपरा हुडका."

पेटी वाढत जाते. ती अंगणाएवढी होते, मैदानाएवढी होते. अच्युतराव तिच्या काठाकाठानं चालताहेत. पहिल्या कोपऱ्यात त्यांची लहानपणची वेंगुर्ल्याची शाळा आहे, फळ्याकडे पाठ करून बसलेली मुलं आहेत. दुसऱ्यात कुमुदताई गच्चीवर चादरी वाळत घालताहेत. तिसऱ्या कोपऱ्यात गोदामाचं पत्र्याचं दार, आणि दारात स्टुलावर एक माणूस रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. तो तोंड वळवत नाही. चौथा कोपरा कुठे गेला? ते वळून पुन्हा चालतात, तर पहिला आता चौथा झालेला असतो. बूच हातात रुततं आहे. धानय्याला विचारावं म्हणून ते हाक मारतात. लांब, डोहाच्या बाजूनं, लोटा बुडवल्याचा आवाज येतो.

"अहो! उठा. साडेतीन वाजले. चहा टाकलाय."

पंखा. पडदा. नद्यांचं पुस्तक जमिनीवर पडलेलं. अच्युतराव उठून बसतात. उजव्या हाताची मूठ अजून आवळलेली आहे, ती उघडायला डावा हात लागतो.

आत काही नाही. पण तळव्याच्या मधोमध एक गोल उमटला आहे, काठाला बारीक बारीक दाते असलेला, लालसर.

"हे काय लागलं?" कुमुदताई चष्मा कपाळावरून खाली ओढतात.

"बूच."

"कसलं बूच? आपल्याकडे कुठे आहेत असली बुचं?" त्या हात उजेडाकडे धरतात. "औषधाच्या बाटलीचं झाकण धरून झोपलात की काय?"

उशाशी बाटली आहे खरी. तिचं झाकण प्लास्टिकचं, गुळगुळीत. अच्युतराव दाते मोजायला लागतात. अकरा, बारा, तेरा. चौदाव्यापाशी गोल पुसट होऊ लागतो आणि बघता बघता तळवा नेहमीसारखा होतो, म्हाताऱ्या माणसाचा, रेषा रेषांचा. पण कुमुदनंही पाहिलं. एवढं तरी त्यांना धरून ठेवता येतं.

"माळ्यावरची ट्रंक काढायची आहे," ते म्हणतात.

"आत्ता? चहा तर घ्या. आणि शिडीवर तुम्ही चढणार नाही, सांगून ठेवते."

शेवटी कुमुदताईच चढतात, बडबडत. ट्रंकेत वह्या सालवार लावलेल्या आहेत. पिंपळखोरीची वही हाताला लगेच लागते. अच्युतराव ती उघडत नाहीत, मांडीवर धरून बसतात. कुमुदताई चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवतात.

"त्या हिरेमठांचं ना?"

ते चकित होऊन बघतात.

"खण मीही आवरते की," कुमुदताई म्हणतात. "उघडा. मी आहे इथे."

पेटी नंबर एक. चौकट, पाच ओळी, वरच्या डाव्या कोपऱ्यात दातेरी गोल. पेटी नंबर दोन. वरच्या डाव्या कोपऱ्यात दातेरी गोल. पेटी नंबर तीन. अच्युतरावांचा अंगठा पानावर आहे, तो सरकवायला त्यांना जरा वेळ लागतो.

दातेरी गोल खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. अगदी ठसठशीत. दातेसुद्धा एकेक करून काढलेले. डोळ्यांनी बघितलं, हातानं काढलं, आणि डोकं मात्र नेहमीच्या सवयीनं वरच्या डाव्या कोपऱ्यातून वाचत सुटलं.

पेटी पलीकडून वाचली होती. धानय्यानं ती बरोबर भरली होती.

"काय आहे?" कुमुदताई विचारतात.

"पेटी सुलट होती. मी उलट्या बाजूला बसलो होतो."

त्या त्यांच्या पुढ्यातला कप उचलतात. "चहा निवला. दुसरा करते."

अच्युतराव मकानदारला फोन लावतात. शिवलीला धानय्याच्याच गावात आहे, शाळेत शिकवते, आई तिच्यापाशीच असते. मग ते कागद घेतात. पहिल्यांदा दोन पानं लिहितात, त्यात ऊन येतं, चकत्या संपल्याचं येतं, जाजम कोणी टाकलं तेही येतं. वाचून बघतात आणि फाडतात. जाजमाचं स्वप्नातलं, त्याची खात्री कोण देणार? आणि खात्री असली तरी सावली देणाऱ्याच्या माथी काय मारायचं? दुसऱ्या कागदावर एवढंच उरतं.

"शिवलीलाताई, तुमच्या वडिलांनी १९९१ साली तुमच्या हातून लिहून विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. तीन नंबरच्या पेटीच्या चित्रात बूच खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. म्हणजे तुमच्या वडिलांनी पेटी बरोबर भरली होती. मी समोरच्या बाजूला बसून ती उलटी वाचली. चौकशीत मला पेटी कोणी भरली एवढंच विचारलं गेलं, आणि मी तेवढंच सांगितलं. चूक माझी होती. ते असताना हे कळवायला हवं होतं. वहीचं पान सोबत आहे. आईंना वाचून दाखवा. अच्युत केळुसकर."

आयुष्यात त्यांनी कुठल्या पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडलेला नाही. वहीचं पान ते पट्टी लावून, सावकाश, पूर्ण फाडतात.

"ऑफिसलाही कळवणार?" कुमुदताई विचारतात. "हसतील तिथली पोरं. धरण कुठलं, पेटी कुठली."

"हसू देत. त्यांना उद्या लिहितो. आधी हे."

निघताना ते टेबलापाशी थांबतात. लाल टोपीवाला उचलून उलटा करतात, काळं वर, तांबडं खाली. तांबड्या टोकाची थोडी माती टेबलावर सांडते. दगड किंचित डुगडुगतो, मग उभा राहतो.

टपाल कचेरीत खिडकीजवळच्या टेबलावर डिंकाची बाटली आणि दोरीला बांधलेलं पेन आहे. अच्युतराव बसतात आणि पाकिटावर पत्ता घालू लागतात. पश्चिमेची खिडकी आहे, साडेचारचं ऊन थेट डोळ्यांत येतं. अक्षरं दिसत नाहीत, डोळ्यांतून पाणी यायला लागतं.

"आजोबा," काउंटरमागची मुलगी म्हणते, "ऊन लागतंय तुम्हाला. या बाजूला या ना, इकडे सावली आहे."

"नको, बाळ," अच्युतराव म्हणतात. "इथूनच लिहितो."

डोळे पुसत पुसत ते पत्ता पुरा करतात. नाव, गाव, तालुका, पिनकोड. एकदाच वाचतात. मग उठून बाहेरच्या लाल पेटीपाशी जातात आणि पाकीट आत सोडतात.